अरेषीय अनुकूली फिल्टर : डीएसपीवरील तत्क्षण मांडणी

येणाऱ्या संकेताचे नमुने, त्यांचे वर्ग, घन व परस्परगुणाकार यांना सहगुणकांनी गुणून बेरीज घेणारा, आणि अपेक्षित संकेताशी पडणाऱ्या त्रुटीवरून ते सहगुणक स्वतःच सुधारत नेणारा फिल्टर. दोन नमुन्यांमधल्या अवधीत हे सारे उरकले, तर मांडणी तत्क्षण, म्हणजेच रिअल टाइम. डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर, संकेतांवरील गणितासाठी घडवलेली चिप. ‘गाळणी’ हा शब्द येथे मुद्दाम टाळला आहे. गाळणी काही अडवते, काही सोडते. हा फिल्टर मुळात नसलेल्या वारंवारताही निर्माण करतो.

त्याचा आरंभ कोठे धरायचा यावर एकमत नाही. बहुतेक लेखक इटालियन गणिती व्हितो व्होल्तेरा यांच्या १८८७ पासूनच्या लेखनाकडे जातात. आदानाचे वर्ग, घन, गुणाकार यांची बेरीज मांडणारी श्रेणी त्यांचीच, यात वाद नाही. पण तिथे ना संकेत आहे, ना शिकणे. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४२ मध्ये ती अरेषीय मंडलातील गोंगाटाला लावली. तीही विश्लेषणाची रीत, चालत्या संकेतावरून बदलणारे यंत्र नव्हे. दुसरा पक्ष बर्नर्ड विड्रो व टेड हॉफ यांच्या एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर, म्हणजे त्रुटीच्या वर्गाची सरासरी किमान करू पाहणाऱ्या) रीतीला अग्रमान देतो. काम १९५९ च्या अखेरीचे, प्रसिद्धी १९६० ची. म्हणून दोन्ही सने आढळतात. त्रुटी, नमुना आणि एक लहान पायरी यांचा गुणाकार सहगुणकात मिळवायचा, एवढीच ही रीत. व्होल्तेरा फिल्टर, म्हणजे त्या श्रेणीवर बेतलेला, आदानाच्या बाबतीत अरेषीय असला तरी सहगुणकांच्या बाबतीत रेषीयच राहतो, त्यामुळे ती त्याला जशीच्या तशी लागू पडते.

तिसरे नाव डेनिस गॅबर यांचे. होलोग्राफीसाठी १९७१ चे नोबेल मिळवणाऱ्या गॅबर यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सहकाऱ्यांसह स्वतः शिकणारा अरेषीय फिल्टर अनुरूप (अ‍ॅनालॉग) तंत्राने बांधला आणि १९६१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘अरेषीय’ आणि ‘अनुकूली’ ही दोन्ही विशेषणे एकाच यंत्राला लागू पडतात ती इथे, म्हणून संकल्पनेचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र ते यंत्र तोच नमुना पुन्हा पुन्हा चालवून शिकत असे; ‘तत्क्षण’ हे तिसरे विशेषण त्याला देता येत नाही. द्विघाती, म्हणजे वर्ग व दोन नमुन्यांच्या गुणाकारांपर्यंतच जाणाऱ्या, फिल्टरचा अभ्यास रूढ झाला तो पुढे, कोह व पॉवर्स यांच्या १९८५ च्या लेखाच्या सुमारास.

तत्क्षण मांडणी डीएसपी चिपांमुळे शक्य झाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०१० ही चिप १९८२-८३ ची : एका आज्ञेस २०० नॅनोसेकंद, आत १६ बिटी गुणक आणि ३२ बिटी संचायक. दूरध्वनीच्या ८,००० नमुने प्रतिसेकंद या दराने दोन नमुन्यांत १२५ मायक्रोसेकंद, म्हणजे जास्तीत जास्त ६२५ आज्ञा. चिपवरील विदा-स्मृती अवघी १४४ शब्दांची. मागचे १० नमुने धरणारा द्विघाती फिल्टर घेतला, तर सहगुणक ६५, गुणाकार ५५, नमुने १० : एकूण १३० जागा. कागदावर बसतो, उरलेल्या १४ जागांत पायरी, त्रुटी आणि बाकी सगळा संसार. ६४ नमुन्यांना मात्र सहगुणकच २,१४४ लागतात आणि त्रिघाती पदे जोडली तर त्यांत आणखी ४५,७६० ची भर पडते.

सुदैवाने गुणाकार दरवेळी नव्याने करावे लागत नाहीत. जुन्या नमुन्यांचे परस्परगुणाकार मागच्याच वेळी झालेले असतात, फक्त एका नमुन्याने मागे सरकतात. ते गुणाकारांच्या तक्त्यातील कर्णांनुसार, म्हणजे सारख्या अंतराच्या जोड्या एकत्र, चक्राकार स्मृतीत ठेवले, तर ६४ नमुन्यांच्या फिल्टरला प्रत्येक वेळी नवे ६४ गुणाकार पुरतात. सहगुणक सुधारण्याचे काम मात्र तेवढेच राहते. पुढे टीएमएस३२०सी५४ मालिकेत एलएमएस याच नावाची आज्ञा आली. फिल्टरची बेरीज आणि सहगुणकातील भर ती एकत्र करते.

खरी अडचण वेगाची नसून अंकांची आहे. १६ बिटी फिक्स्ड पॉइंटमध्ये (दशांशचिन्हाची जागा ठरलेली, किमती -१ ते १ च्या दरम्यान) शेवटच्या बिटाची किंमत १/३२,७६८. नमुना १/२५६ असेल तर त्याचा वर्ग १/६५,५३६. साठवताना छाटला की शून्य. हळू आवाजात वर्गपदे अशी गुपचूप गळतात. त्रुटी लहान होत गेली की भरही शेवटच्या बिटाखाली जाते आणि सहगुणक थिजतात. पाहणाऱ्याला वाटते, शिकणे पूर्ण झाले. म्हणून सहगुणक ३२ बिटांत ठेवतात, वर्गपदांना वेगळी पायरी देतात. वर्गांची सरासरी शून्य नसते, त्यामुळे ते एकमेकांत अडकून शिकणे मंदावते. सरासरी आधी वजा करणे हा स्वस्त उपाय. टेक्सासच्या चिपांत १९८८ च्या टीएमएस३२०सी३० पासून फ्लोटिंग पॉइंट (सरकत्या दशांशचिन्हाची अंकरीत) आल्यावर गळतीचा जाच बराच कमी झाला, अडकण्याचा नाही.

बडोद्याच्या वाचकाला जवळचे उदाहरण ट्रान्सफॉर्मरचे. हा परिसर त्या उद्योगासाठी ओळखला जातो. विद्युत् उपकरणांची चाचणी करणारी एर्डा ही संस्था १९७४ पासून येथे आहे, आणि १८९० च्या कलाभवनातून वाढलेली तंत्रविद्याशाखा महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झचा शुद्ध दाब दिला तरी गाभ्याच्या चुंबकनामुळे निर्भार प्रवाहात १५० व २५० हर्ट्झ मिसळतात. रेषीय फिल्टर ५० पासून १५० काढू शकत नाही, घनपद काढते. गाभा दोन्ही दिशांना सारखा वागत असल्याने वर्गपदे इथे निरुपयोगी, आणि १५० साठी नेमकी महागडी त्रिघाती पदेच लागतात. तरी चक्रामागे ३२ नमुने पुरेसे धरले, तर दोन नमुन्यांत ६२५ मायक्रोसेकंद मिळतात. शैथिल्य (हिस्टेरेसिस, म्हणजे गाभ्याचे आधीच्या चुंबकनावर अवलंबून राहणे) मात्र मर्यादित स्मृतीच्या बहुपदीत अंदाजानेच उतरते.

इतर उपयोग : लहान लाउडस्पीकरच्या विकृतीसह येणारा प्रतिध्वनी पुसणे, प्रवर्धकाच्या (अ‍ॅम्प्लिफायर) विकृतीची आगाऊ दुरुस्ती, सक्रिय गोंगाट-नियंत्रण (उलट ध्वनीने गोंगाट मारणे). या शेवटच्या कामासाठी देबी प्रसाद दास व गणपती पंडा यांनी २००४ मध्ये सुचवलेला फिल्टर परस्परगुणाकारांऐवजी साइन-कोसाइन पदे वापरतो. २००८ ची कर्नेल एलएमएस रीत, जी नव्या नमुन्याची जुन्यांशी तुलना करून उत्तर काढते, मूळ रूपात प्रत्येक नमुना जपून ठेवते; त्यामुळे ठरावीक स्मृतीच्या चिपवर ती छाटणी केल्याशिवाय चालत नाही.