बंब कुणाच्या हद्दीतला? बडोद्याच्या अग्निशमन सेवेची पार्श्वभूमी

दांडियाबाजारच्या अग्निशमन स्टेशनातून निघालेला बंब मांडवीच्या पोळांत, म्हणजे अरुंद गल्ल्यांत, शिरत नाही, हे बडोदेकराला सांगायला नको. माणसं कमी, गाड्या जुन्या, हेही नेहमीचंच. खरा घोळ आहे तो हद्दीचा, आणि ‘एनओसी’, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, या एका शब्दाचा.

संस्थानकाळात आजवा तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. तो अध्याय मोठा आहे, पण आजच्या प्रश्नांची मुळं त्याच्या बरीच अलीकडे सापडतात. १९६५मध्ये शहराजवळच्या कोयलीला तेलाची रिफायनरी सुरू झाली, पाठोपाठ खत आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने आले आणि १९६६मध्ये शहरात महापालिका झाली. कारखान्यांनी कुंपणाच्या आत आपापली अग्निशमन दलं ठेवली. पालिकेकडे उरली घरं, दुकानं आणि गोदामं. पाणीगेट, गाजरावाडी, वाडीवाडी, मकरपुरा ही स्टेशनं त्यासाठीच.

१९९३मध्ये पंचायती आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्या लागू झाल्या. नगरपालिकांच्या कामांची यादी असलेल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन स्पष्ट लिहिलेलं आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, आग त्यात कुठेच नाही. जणू गावात काही पेटतच नाही! म्हणून कापसाच्या पट्ट्यात सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याला आग लागली की फोन जातो करजण, डभोई, पादरा किंवा सावलीच्या नगरपालिकेला. तिचा बंब येतो तो आपली हद्द सोडून.

आता एनओसी. गुजरातेत आगप्रतिबंधाचा कायदा आला २०१३मध्ये, नियम पुढच्या वर्षी. त्यात आराखड्याची मंजुरी वेगळी, सुरक्षेचं प्रमाणपत्र वेगळं, नूतनीकरण वेगळं. बाजारात मात्र तिन्हींना एकच नाव. ‘एनओसी आहे’ असं कुणी म्हणालं की त्याच्याकडे बांधकामाआधी मंजूर झालेला नकाशा आहे की पंप चालतो याचा यंदाचा दाखला, हे कळायला मार्ग नाही. शिवाय ‘हरकत नाही’ म्हणजे ‘इमारत सुरक्षित आहे’ असं नव्हे. उपकरणं चालू ठेवायची जबाबदारी मालकाची. पण कागद भिंतीवर लागला की लोकांच्या मनात ती सरळ बंबवाल्यांकडे जाते.

मे २०१९मध्ये सुरतेत शिकवणीवर्गाच्या आगीत २२ विद्यार्थी गेले आणि या कागदाला एकदम भाव आला. पुढे कोविडकाळात रुग्णालयं पेटली. सप्टेंबर २०२०मध्ये आपल्या सयाजी रुग्णालयाच्या कोविड कक्षातही आग लागली. तिथं सगळे वाचले. मे २०२१मध्ये भरुचला मात्र १८ जण गेले. तपासायच्या इमारती वाढत गेल्या, तपासणारे तेवढेच राहिले. विझवणारा माणूस सकाळी पंप बघायला जायचा आणि दुपारी फायली लिहायचा.

यावर २०२१मध्ये निघालेला तोडगा आजही वादात आहे: प्रशिक्षण घेतलेल्या खासगी अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांकडून तपासणी आणि नूतनीकरण. बाजूने बोलणारे म्हणतात, दलाचं ओझं हलकं झालं, शिकलेल्या तरुणांना काम मिळालं आणि कार्यालयातल्या फेऱ्या वाचल्या. पण फी देतो तो मालकच. ज्याच्या खिशातून पैसे घ्यायचे त्याचाच पाणी फवारणारा स्प्रिंकलर बंद आहे असं लिहायला छाती लागते. सरकारी माणूसही काही धुतल्या तांदळाचा नसतो, हे मान्य. तरी त्याला निलंबित तरी करता येतं.

मे २०२४मध्ये राजकोटला गेमझोन जळून २७ जण गेले. त्या जागेला एनओसीच नव्हती. अग्निशमन अधिकाऱ्यांनाही अटक झाली आणि राज्यभर सील ठोकायची मोहीम निघाली. बडोद्याच्या दलाला त्याच वर्षी जानेवारीत हरणी तलावात उलटलेल्या होडीतली मुलं शोधावी लागली होती, ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुरातून माणसं काढावी लागली. ही कामं एनओसीच्या रजिस्टरात दिसत नाहीत.

हद्दीचं कोडं तसंच आहे. २०२०मध्ये भायली, सेवासी, बिल, उंडेरा यांच्यासह सात गावं पालिकेत आली. म्हणजे पंचायतीच्या यादीत नसलेली आग तिथं एका आदेशानं पालिकेचं कर्तव्य झाली. स्टेशन काही आदेशासोबत येत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनची टाकी पेटली, तेव्हा धूर शहरातून दिसत होता. पालिकेचे बंब गेले, शेजारच्या कारखान्यांचेही गेले. हद्द कुणाची, हे त्या दुपारी कुणी विचारलं नाही.