पार्टी आणि नीतिकल्पना (ठाणे-नवी मुंबई)

खाणे, पिणे आणि नाचगाणे यांसाठी एकत्र जमणे कितपत सभ्य मानावे, याविषयीच्या ठाणे-नवी मुंबई परिसरातील समजुती गेल्या काही पिढ्यांत बदलत गेल्या आहेत. आषाढ अमावास्येला घरात दिव्यांची पूजा आणि बाहेर गटारी, ही जोडी पुढे श्रावण पाळायचा असल्यामुळे निभावून नेली जाई. मात्र ती मोकळीक पुरुषांपुरतीच होती.

आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री नाचणे ही रीतच होती आणि लग्नविधींत धवलारीण (हे विधी गाण्यातून पार पाडणारी स्त्री) धवले म्हणजे पारंपरिक लग्नगीते गाई. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९७०) ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या, कालांतराने काही घरांत मोबदल्याचा पैसा खेळू लागला आणि हळदीत डीजे व दारू यांचे प्रस्थ वाढले. त्यावर समाजातूनच टीका होते. तिचा रोख पापापेक्षा उधळपट्टीवर आणि कर्जावर अधिक असतो.

नीतीचा प्रश्न सर्वांत उघडपणे मांडला गेला तो डान्सबारच्या निमित्ताने, आणि या वादात पनवेल व ठाणे पट्ट्यातील बार अग्रभागी होते. २००५ साली राज्य शासनाने मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३अ घालून परमिट रूम व बिअर बारमधील नृत्यावर बंदी आणली, पण कलम ३३ब नुसार तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना सूट दिली. म्हणजे तेच नृत्य महागड्या छताखाली सभ्य ठरले. हा भेदभाव उच्च न्यायालयाला २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये मान्य झाला नाही. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक अटीही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या.

दिवाळी पहाटेचे रूपांतर याहून बोलके आहे. मुळात अभ्यंगस्नानानंतर गाणे ऐकण्याची ही बैठक. ठाण्यात राम मारुती रोड व तलावपाळी येथे ती आता नव्या कपड्यांतील मुलामुलींच्या डीजेवरील जल्लोषाची जागा झाली आहे. मुली भररस्त्यात नाचतात याचे पालकांना फारसे वावडे राहिलेले नाही, आणि हाच खरा पालट म्हणावा लागेल. कुरकुर उरली आहे ती कानठळ्यांची आणि वाहतूक कोंडीची.

ठाण्यालगतच्या येऊर या जंगलभागातील बंगल्यांच्या पार्ट्यांविषयीची तक्रारही याच वळणाची आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास मनाई करणारे २००० सालचे नियम, शेजारचे राष्ट्रीय उद्यान आणि आदिवासी पाड्यांची झोपमोड, हे मुद्दे त्यात पुढे येतात. ३१ डिसेंबरला येऊरच्या वाटेवर पोलिसांची नाकाबंदी असते.