बिनभट्टीच्या कुकीजमागचा इतिहास, अमेरिकेपासून अमळनेरपर्यंत

सध्या जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच घरांत ओव्हनशिवाय होणाऱ्या कुकीज करून बघणं चाललंय. ओट्स, खजूर, शेंगदाण्याचं बटर, चमचाभर कोको, सगळं एकत्र मळायचं, हातावर चपटं करायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं, झालं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना घरात ओव्हन कोण लावणार, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे चालणारच होता. पण यांना हेल्दी म्हणतात ते नेमकं कशामुळे, हे विचारलं तर बहुतेक जण "बेक करत नाही ना" एवढंच सांगतात, आणि ते काही खरं कारण नाही, म्हणून मागची गोष्ट जरा सविस्तर.

मूळ पदार्थ अमेरिकेतला. तिथे २० व्या शतकाच्या मध्यापर्यंत तो घरोघर पोचला होता. त्याच्यामागे तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे वाफवून लाटलेले ओट्स, १८७७ मध्ये तिथे क्वेकर हा ट्रेडमार्क नोंदवला गेला आणि पुढे डब्यातले ओट्स सगळीकडे मिळायला लागले, हे ओट्स कारखान्यातच वाफवलेले असल्यामुळे परत न शिजवताही खाता येतात, भट्टी टाळता येते ती यामुळेच. दुसरं शेंगदाण्याचं बटर, १८८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसनने शेंगदाण्याच्या पेस्टचं पेटंट घेतलं आणि दहा-अकरा वर्षांनी कॉर्नफ्लेक्सवाल्या डॉक्टर केलॉग यांनीही आपल्या पद्धतीसाठी अर्ज केला. तिसरं म्हणजे घरात आलेला फ्रीज. तिकडच्या काही भागांत यांना प्रीचर कुकीज म्हणतात, धर्मगुरू लांबून येताना दिसले की ते दारात येईपर्यंत तयार होतात म्हणून, असं सांगतात.

आता त्या जुन्या रेसिपीचं माप बघा. दोन कप साखर, अर्धा कप लोणी, अर्धा कप दूध, थोडा कोको, हे एक मिनिट खळखळ उकळायचं आणि त्यात तीन कप ओट्स नि अर्धा कप शेंगदाण्याचं बटर. दोन कप साखर म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, कुकीज झाल्या ३० तर एकीत १३ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम ठेवली तर उत्तम. म्हणजे दोन कुकीजमध्ये दिवसाचा कोटा संपला! बेक केलं नाही म्हणून ही साखर कुठे जात नाही.

ते एक मिनिट उकळणं म्हणजे आपला पाकच. संक्रांतीच्या तिळगुळाला वाटीत पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकतात, बोटाने गोळा होतो का बघतात, अगदी तीच परीक्षा तिकडच्या बायका थंड पाण्यात करतात, ११२ ते ११६ अंशांच्या मधला पाक. कमी पडला की कुकी चिकटच राहते, जास्त झाला की भुगा. गूळपापडी, सुरतेकडची सुखडी, तिळाची वडी, शेंगदाण्याचे लाडू, हे सगळे बिनभट्टीचेच पदार्थ आहेत, आणि प्रत्येकात धान्य किंवा दाणा आधी कढईत खमंग भाजलेला असतो.

मग आपल्याकडे भट्टीचं बिस्कीट आलं कुठून? नानकटाईचं मूळ सुरतेत सांगतात, डच व्यापाऱ्यांच्या बेकरीतून दोतीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आलेला प्रकार, आणि सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला येणारी तापीकाठची रेल्वे आहेच. घरात ओव्हन कोणाकडेच नव्हते, त्यामुळे दिवाळीच्या आधी मैदा, रवा, साखर आणि डालडा पिशवीत घालून बेकरीवर नंबर लावायचा. बेकरीवाला लाकडी टेबलावर डालडा आणि साखर तळहाताने फेसत बसायचा, पांढरं हलकं झालं की मैदा, मग गोळे ट्रेवर, आणि शेवटी आपल्या पत्र्याच्या डब्यात तळाला पेपर टाकून मोजून भरून द्यायचा. वास इतका सुंदर की रस्त्यातच निम्मा डबा संपावा.

त्यातला डालडा महत्त्वाचा. हा ब्रँड १९३७ मध्ये आला, तूप महाग आणि हे वनस्पती तूप स्वस्त, म्हणून घराघरात शिरला. आणि आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी वनस्पती तूप करायलाच सुरू झाली, तीच पुढची विप्रो. अमळनेरच्या लोकांना विप्रोचे शेअर लगेच आठवतात, वनस्पती तूप फारसं कोणाला आठवत नाही. वनस्पती तूप म्हणजे तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं, आणि हे अर्धवट झालं की ट्रान्स फॅट तयार होतं, हृदयाला सगळ्यात वाईट. ते इतकं वाईट आहे हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. त्यामुळे माझं मत असं की घरच्या कुकीजचा पहिला फायदा हाच, फॅट कोणतं जातंय ते आपल्या हातात राहतं.

आणि फॅटची गरजही फार नाही. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून मिक्सरला लावा, आधी कूट होतो, मग कूट भांड्याच्या कडेला चिकटतो, थांबून थांबून फिरवत राहिलं की त्याचंच तेल सुटतं आणि पातळ चकचकीत बटर होतं, वरून थेंबभर तेल लागत नाही. बाहेरच्या व्हिडिओत खोबरेल तेल घालायला सांगतात, पण ते २४ अंशांच्या आसपासच वितळतं, आपल्या उन्हाळ्यात फ्रीजमधून काढल्यावर त्या कुकीचं पाच मिनिटांत पाणी. इथे खजुरानेच बांधायचं. खजुरात साखर भरपूर आहे पण अख्ख्या फळाचा चोथा सोबत असतो, गुळाला मात्र ही सूट नाही, गूळ घातला म्हणून साखर टळली असं समजू नका. रावेर-यावलची पिकलेली केळी घालूनही छान गोड होतं, फक्त ओलाव्यामुळे ती कुकी फ्रीजमध्येसुद्धा दोन दिवसांच्या पुढे ठेवू नये.

कच्चं पीठ मात्र चुकूनही घालू नका. २००९ मध्ये अमेरिकेत कुकीचं कच्चं मळलेलं पीठ खाऊन ई-कोलाय या जिवाणूची मोठी साथ पसरली होती आणि तेव्हा संशय त्यातल्या मैद्यावरच आला. पीठ घालायचंच असेल तर गूळपापडीसारखं खमंग भाजून.

ओट्सच पाहिजेत असंही नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून ज्वारीचे पोहे दुकानांत बऱ्यापैकी दिसायला लागलेत, तेही शिजवून-दाबूनच केलेले, ओट्ससारखेच. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या मिक्सरला जाडसर फिरवून घेतल्या तरी चालतात. दोन वाट्या पोहे तव्यावर कुरकुरीत करून घ्यायचे, वाटीभर बिनबियांचा खजूर गरम पाण्यात मऊ करून वाटायचा, अर्धी वाटी शेंगदाण्याचं बटर, दोन चमचे भाजलेले तीळ, चिमूटभर मीठ. मिश्रण कोरडं वाटलं तर खजूर भिजवलेलं पाणीच चमच्याने घालायचं.