स्थानिक वंचितता, ग्रामीण भाग आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा दर्जा (ब्रिटन)

एखाद्या भागातली गरिबी आणि तिथलं आडवळणीपण यांचा तिथल्या जीपीच्या, म्हणजे पेशंट सगळ्यात आधी ज्याच्याकडे जातो त्या डॉक्टरच्या, सेवेवर काय परिणाम होतो हा ब्रिटनमध्ये बराच काळ अभ्यासला गेलेला विषय आहे. सुरुवात बहुतेक जण १९७१ पासून धरतात. वेल्समधल्या ग्लिनकॉरूग या कोळसाखाणीच्या गावात प्रॅक्टिस करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते, आणि बाजाराला जितकी मोकळीक तितकं हे जास्त घडतं. अंतराचा मुद्दा मात्र खूप जुना आहे, १८५० च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड जार्विस यांनी मनोरुग्णालयापासून लांब राहणारे लोक तिथे कमी दाखल होतात हे दाखवलं होतं, त्यामुळे दोन्हीचं मूळ एकच समजू नये.

खरा वाद आहे तो वंचितता मोजायची कशी याचा. जार्मन निर्देशांक (१९८३) जीपींनाच विचारून बनवला, कामाचा ताण कशाने वाढतो ते, आणि सरकारने जीपींशी केलेल्या १९९० च्या करारात त्यावरून जादा पैसेही दिले गेले. टाउनसेंड निर्देशांकात (१९८८) चार गोष्टी येतात: बेरोजगारी, घरातली दाटी, स्वतःचं घर नसणं आणि गाडी नसणं. स्कॉटलंडच्या कार्स्टेअर्स निर्देशांकातही गाडी आहेच. आता खेड्यात बस धड नसते म्हणून गरीब घरालाही पोटाला चिमटा काढून गाडी ठेवावी लागते, आणि मग तेच घर कागदावर सुखवस्तू दिसतं! शिवाय खेड्यातली गरीब घरं विखुरलेली असतात, ती सरासरीत हरवून जातात. इंग्लंडचा नंतरचा बहुआयामी निर्देशांक साधारण १५०० वस्तीच्या तुकड्यावर काढतात, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत दवाखान्यापर्यंतचं रस्त्याचं अंतर धरलं होतं, पण ते निकषांच्या ज्या गटात येतं त्या अख्ख्या गटाचंच वजन एकूण निर्देशांकात ९.३ टक्के होतं. त्यामुळे 'ग्रामीण भागात सेवा चांगली, गरिबी कमी' असा निष्कर्ष दिसला की आधी निर्देशांक कुठला वापरलाय ते बघावं.

दर्जा मोजायला २००४ पासून क्यूओएफ (क्वालिटी अँड आउटकम्स फ्रेमवर्क) आलं, म्हणजे ठरलेली लक्ष्यं गाठली की जीपीच्या दवाखान्याला (प्रॅक्टिसला) गुण, सुरुवातीला एकूण १०५०, आणि गुणांप्रमाणे पैसे. डोरन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात इंग्लंडमधल्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त वंचित भागांतल्या प्रॅक्टिसमधला लक्ष्यं गाठण्यातला फरक तीन वर्षांत ४.० वरून ०.८ टक्क्यांवर आलेला दिसतो. ही मोठी गोष्ट आहे, पण काही पेशंट हिशोबातून वगळायची सोय त्यात होती, आणि बीपी, शुगर यांच्या नोंदी म्हणजे सगळी सेवा नव्हे. मर्सर आणि वॉट यांना स्कॉटलंडमध्ये (२००७) दिसलं की गरीब भागात अडचणी जास्त गुंतागुंतीच्या, वेळ तोकडा आणि डॉक्टरवर ताण जास्त. आम्हाला हेच वास्तवाच्या जास्त जवळचं वाटतं.

प्रॅक्टिसना पैसे वाटण्याच्या २००४ च्या कार-हिल सूत्रात ग्रामीणपणा धरलाय, वंचिततेचा निर्देशांक मात्र थेट घेतलेला नाही. ग्रामीण भागात फार्मसीपासून १.६ किमीपेक्षा लांब राहणाऱ्यांना जीपीकडूनच औषधं मिळू शकतात. स्कॉटलंडने २०१६ मध्ये क्यूओएफ बंद केलं, शिवाय तिथले आणि वेल्सचे निर्देशांक वेगळे, त्यामुळे इंग्लंडच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. स्कॉटलंडमध्येच सर्वात वंचित वस्ती सांभाळणाऱ्या १०० प्रॅक्टिसचा 'डीप एंड' गट २००९ पासून काम करतोय, त्यातल्या बहुतेक ग्लासगो परिसरातल्या आहेत.