दगडखाणींचे प्रतिकृती-जतन (पुणे परिसर)

दगडखाणीचे बदलते रूप ठरावीक काळाने मोजून यंत्राने कापलेल्या व हाताने पुऱ्या केलेल्या प्रतिकृतींच्या मालिकेत टिकवण्याची पद्धत. जतन होते ते जमिनीचे नव्हे, तिच्या अवस्थांचे.

पुणे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. पाताळेश्वराचे लेणे याच काळ्या पाषाणात कोरलेले. वाघोली-मोशीकडच्या क्रशरमधून त्याचीच खडी शहराच्या स्लॅबमध्ये जाते. खाण दर सुरुंगाला बदलते. पुढे तिच्यात पाणी साठते, राडारोडा पडतो, कधी वर इमारत उभी राहते आणि महसुली कागदावर उरतो तो ब्रासचा (100 घनफूट) आकडा. वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट हे खनिज जगभरच्या संग्रहांत आहे. ज्या भिंतींतून ते निघाले त्यांची खडी झाली.

मोजणी ड्रोनच्या छायाचित्रांवरून होते आणि ती एप्रिल-मेमध्येच उरकलेली बरी. पावसात तळ बुडतो आणि हलत्या, चमकत्या पाण्याची छायाचित्रे सॉफ्टवेअरला नीट जुळवता येत नाहीत. संदर्भखुणा खाणीबाहेर घ्याव्यात : देवळाचा जोता, रस्त्याची मोरी. खाणीतली खूण पुढच्या वर्षी जागेवर असेलच असे नाही.

यंत्राची मर्यादा प्रमाणात दिसते. 1 : 500 प्रमाणात 20 मीटरचा कडा 4 सेंटीमीटरचा होतो. थ्रीडी प्रिंटरचा 0.2 मिलिमीटरचा एक थर म्हणजे प्रत्यक्षातले 10 सेंटीमीटर. सुरुंगाच्या भोकांच्या तीनेक सेंटीमीटर रुंद उभ्या पन्हळी त्यात बुडून जातात. खाण कशी फोडली हे सांगणाऱ्या खुणा मात्र नेमक्या याच. म्हणून सीएनसी राउटरने (संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या यंत्राने) लाकडात किंवा फोममध्ये ढोबळ आकार काढायचा, त्यावरून साच्यात क्रशरची बारीक कच मिसळलेले प्लास्टर ओतायचे आणि पृष्ठभाग पाथरवटाच्या हाती द्यायचा. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा हा हात सुरुंगाने फाटलेला दगड आणि पहारेने सोडवलेला दगड वेगळा ओळखतो. त्या पन्हळी तो मापात कोरत नाही, ठळक करून दाखवतो. नकाशातल्या रस्त्याची रुंदीही अशीच वाढवलेली असते, त्यामुळे याला खोट म्हणता येत नाही.

जिल्ह्यात अशा कामाला लागणारी यंत्रे नवी नाहीत. पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये सुरू झालेली फॅब लॅब (संगणकचालित यंत्रांची कार्यशाळा) ही एमआयटीबाहेरच्या (अमेरिकेतील, कोथरूडची नव्हे) सर्वांत आधीच्या फॅब लॅबपैकी एक.

मालिकेतील सर्व प्रतिकृती एकाच प्रमाणात व एकाच संदर्भपातळीवर बसवाव्या लागतात. नाहीतर दोन वर्षांतला फरक खोदाईचा की कापणीचा, हे कळत नाही.