व्यवसायावरचा राग आणि ज्ञानाचा द्वेष

डॉक्टरांवर जमाव चालून गेला की ‘लोकांना विज्ञानच नको आहे’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण एखाद्या व्यवसायावरचा राग वेगळा आणि ज्ञानाचा द्वेष वेगळा.

१८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलराची साथ आली, तेव्हा लोक डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले. विच्छेदनाला प्रेतं मिळावीत म्हणून रोग्यांना मारतात, अशी त्यांची समजूत होती. जमाव डॉक्टरांना ‘बर्कर’ म्हणून ओरडत होता. हे नाव आलं एडिनबर्गहून. चारच वर्षांपूर्वी बर्क आणि हेअर या दोघांनी तिथे १६ खून करून प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सला विकली होती. बर्क फासावर गेला, नॉक्सवर साधा खटलाही झाला नाही. शिवाय शिकवणीसाठी कबरी उकरल्या जात, त्याही बहुतेक गरिबांच्या. लिव्हरपूलचा आरोप खोटा होता, पण संशयाला कारण होतं. त्या लोकांना वैद्यक बुडवायचं नव्हतं. आपल्या माणसाचं प्रेत टेबलावर जाऊ नये, एवढंच हवं होतं. त्याच वर्षी कायदा आला आणि प्रेतचोरी थांबली. मात्र विच्छेदनाला आता गरीबगृहांतली बेवारस प्रेतं जाऊ लागली. मला तरी यात न्याय दिसत नाही.

सोव्हिएत रशियातले आनुवंशशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी कोणाचं काय बिघडवलं होतं? ते जगभर हिंडून पिकांचं बियाणं गोळा करत. गव्हाचे गुण झटपट पालटता येतात असं तिथलाच कृषितज्ज्ञ लायसेन्को सांगत होता आणि सत्तेला तेच ऐकायचं होतं. आनुवंशशास्त्र त्याच्या आड येत होतं. वाविलोव्हना १९४० मध्ये अटक झाली, १९४३ मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात वारले. १९४८ मध्ये त्या शास्त्रावरच बंदी आली. वागणूक सुधारून हा द्वेष शमला नसता, कारण आक्षेप वागणुकीवर नव्हताच.

म्हणून मी आधी हे विचारते: नेमकं काय केलं तर हे लोक शांत होतील? याचं उत्तर मिळत असेल, तर तो राग आहे आणि तो ऐकलाच पाहिजे.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, त्याचं उदाहरण मात्र अवघड. १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तो रसायनशास्त्रासाठी नव्हे. तो करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होता आणि त्याच दिवशी आणखी २७ मक्तेदारांनाही मारलं गेलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी क्रांतिकारकांनी विज्ञान अकादमीही बंद केली होती, आणि तिथले बहुतेक सदस्य कर वसूल करत नव्हते.