निकालावरून शिक्षक जोखण्याचा इतिहास

मुलांचा निकाल चांगला म्हणजे शिक्षक चांगला, ही समजूत जुनी आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री रॉबर्ट लोव यांनी तिला थेट सरकारी नियमाचं रूप दिलं. इन्स्पेक्टर शाळेत येई आणि एकेका मुलाची वाचन, लेखन, अंकगणित अशी परीक्षा घेई. मूल एका विषयात नापास झालं की शाळेच्या अनुदानातले २ शिलिंग ८ पेन्स बुडत. बऱ्याच ठिकाणी शिक्षकाचा पगार याच अनुदानावर अवलंबून असे.

मग व्हायचं तेच झालं. मुलांकडून वाचनाचं पुस्तक इतकं घोकून घेतलं जाई की पुस्तक उलटं धरूनही ती धडा घडाघडा म्हणत. तपासणीच्या दिवशी आजारी मुलांनाही शाळेत आणून बसवत. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड स्वतः शाळा इन्स्पेक्टर होते. शिकवणं यांत्रिक होत चाललंय, असं ते सातत्याने सांगत राहिले. मला यातली सगळ्यात मोठी हानी वेगळीच वाटते. परीक्षा घेण्यातच दिवस जाऊ लागल्यामुळे, शिक्षक शिकवतो कसा हे पाहायला इन्स्पेक्टरला वेळच उरला नाही. ही पद्धत मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शिक्षकांसाठी गुणतक्ते निघाले. आवाज, पेहराव, वर्गातली शिस्त, सगळ्याला गुण. १९५० च्या दशकात हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन आणि सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली: तासाआधी शिक्षकाशी बोलायचं, वर्गात बसून नोंदी करायच्या, मग त्या नोंदी समोर ठेवून दोघांनी चर्चा करायची. मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. पण तिला जाणत्या माणसाचे कित्येक तास लागतात, म्हणून प्रशासनाचा ओढा पुन्हा आकड्यांकडेच गेला.

१९९० च्या दशकात टेनेसी राज्याने संख्याशास्त्रज्ञ विल्यम सँडर्स यांची पद्धत स्वीकारली. मुलाच्या मागच्या गुणांवरून यंदाचे अपेक्षित गुण काढायचे. प्रत्यक्ष गुण त्याहून जितके जास्त किंवा कमी, तितकं श्रेय किंवा दोष शिक्षकाच्या खात्यावर. २००९ मध्ये ओबामा सरकारने ४३५ कोटी डॉलरची स्पर्धात्मक योजना आणली आणि शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या प्रगतीशी जोडणाऱ्या राज्यांचं पारडं तिच्यात जड झालं. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या वृत्तपत्राने सुमारे ६,००० शिक्षकांचं असं मूल्यांकन नावांसकट छापलं. घरची परिस्थिती, वर्गात कोणती मुलं वाट्याला आली, याचा हिशेब अशा आकड्यात पुरता मावत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेनेच सांगितलं की बहुतेक अभ्यासांनुसार गुणांमधल्या फरकापैकी जेमतेम १ ते १४ टक्के फरक शिक्षकांमुळे पडतो.

अमेरिकेच्या २०१५ च्या शिक्षण कायद्याने केंद्राचा दबाव काढून घेतला. मूल्यमापन कसं करायचं हे पुन्हा राज्यांच्या हाती आलं आणि त्यातल्या अनेकांनी परीक्षेच्या गुणांचं वजन कमी केलं किंवा काढूनच टाकलं.